इंदुरात नव्याने आलेल्यांसाठी: वॉर्डापासून परिषदेपर्यंत नागरी कामात कसे उतरावे

पुण्याहून, नाशिकहून किंवा नागपूरहून नोकरीनिमित्त इंदुरात आलेले मराठी कुटुंब येथे फार लवकर रुळते. गणेशोत्सवाच्या वर्गणीसाठी शेजारी दार वाजवतात, राजेंद्र नगरात किंवा रामबागेत कोणीतरी ओळखीच्या आडनावाचे भेटते, नाटक आणि गाण्याच्या कार्यक्रमांचा पत्ता लागतो. मात्र वर्षभर येथे राहिलेल्या अशाच एखाद्या कुटुंबाला आपला वॉर्ड क्रमांक किंवा आपल्या पार्षदाचे, म्हणजे नगरसेवकाचे, नाव विचारले, तर बहुतेक वेळा घरातील सर्वजण एकमेकांकडे पाहतात. आमच्या वसाहतीच्या रहवासी संघाचे काम करताना हा अनुभव मला इतक्यांदा आला आहे, की नव्याने आलेल्यांसाठी ही माहिती एकदा क्रमाने लिहून काढावी असे वाटले. मराठी माणसाला मंडळ चालवता येते, हिशेब ठेवता येतो, सभा वेळेवर सुरू करता येते. हे कौशल्य उत्सवाच्या मांडवातून झोन कार्यालयापर्यंत न्यावे, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

आधी शब्द शिकून घ्यावेत

महाराष्ट्रात आपण ज्याला महापालिका म्हणतो तिला येथे ‘नगर निगम’ म्हणतात, नगरसेवकाला ‘पार्षद’ आणि प्रभागाला ‘वॉर्ड’. मालमत्ता कर येथे ‘संपत्ति कर’ होतो, तलाठ्याच्या जागी ‘पटवारी’ असतो, सातबाऱ्याऐवजी ‘खसरा’ मागितला जातो आणि प्रांताधिकाऱ्याचे काम ‘एसडीएम’कडे असते. हरकती-सूचनांना ‘दावे-आपत्ति’ किंवा ‘आपत्ति-सुझाव’ म्हणतात. वर्तमानपत्रातील जाहीर सूचना वाचताना हे शब्द ओळखीचे नसले, तर आपल्या गल्लीशी संबंधित सूचनाही नजरेतून निसटते.

शब्दांबरोबर रचनेतील फरकही ध्यानात घ्यावा. इंदुरात ८५ वॉर्ड आहेत आणि प्रत्येक वॉर्डातून एकच पार्षद निवडून येतो, त्यामुळे चार नगरसेवकांपैकी कोणाकडे जावे हा महाराष्ट्रातील मोठ्या शहरांत पडणारा प्रश्न येथे उद्भवत नाही. महापौराला मतदार थेट निवडतात. महापौर पार्षदांमधून आपले सहकारी निवडून ‘मेयर इन काउन्सिल’ म्हणजे महापौर परिषद बनवतो आणि पाणी, बांधकाम, आरोग्य, उद्याने अशी खाती त्यांच्याकडे सोपवतो. सर्व पार्षदांच्या सभेला नुसते ‘परिषद’ म्हणतात आणि तिचे कामकाज सभापती चालवतात. प्रशासनाचे प्रमुख आयुक्त असतात. रोजच्या कामासाठी मात्र नागरिकाचा संबंध येतो तो निगमाच्या विभागीय म्हणजे झोन कार्यालयाशी, तेथील झोनल अधिकाऱ्याशी आणि सफाईपुरता वॉर्डाच्या दरोगाशी. या दोघांची नावे आणि फोन क्रमांक पहिल्याच महिन्यात घराच्या दारामागे लिहून ठेवावेत.

आपण नेमके कोणाच्या हद्दीत राहतो

ही पायरी बहुतेकजण गाळतात आणि नंतर सहा महिने चुकीच्या दारावर उभे राहतात. शहर वेगाने पसरले आहे. २०१४मध्ये आसपासची २९ गावे निगमाच्या हद्दीत आली, तरी त्यापलीकडच्या कित्येक नव्या वसाहती अजूनही ग्रामपंचायतीत आहेत. तेथे राहणाऱ्यांनी ग्रामसभेत जावे. २६ जानेवारी, १४ एप्रिल, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा होतात आणि मतदार यादीत नाव असलेल्या प्रत्येकाला तेथे बोलण्याचा अधिकार असतो. महूमध्ये घर घेतलेल्यांपैकी जे छावणीच्या भागात आहेत, त्यांचा कारभार कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे असतो.

निगमाच्या हद्दीत असलात तरी आणखी एक चौकशी करावी लागते. विकसकाने वसाहत निगमाकडे हस्तांतरित केली आहे का? हस्तांतरण झाले नसेल, तर रस्ता, पथदिवे आणि मलवाहिनी यांची जबाबदारी कागदोपत्री विकसकाचीच राहते, आणि मग निगमाकडे केलेली तक्रार ‘कॉलनी हस्तांतरित नाही’ एवढा शेरा घेऊन परत येते. आमच्या ओळखीच्या एका वसाहतीने पथदिव्यांसाठी दोन पावसाळे अर्ज केले आणि प्रत्येक वेळी हाच शेरा मिळाला. शेवटी त्यांनी दिव्यांचा अर्ज बाजूला ठेवून हस्तांतरणाचाच अर्ज केला, तेव्हा काम पुढे सरकले. घर भाड्याचे असले तरी ही माहिती घरमालकाकडून विचारून घ्यावी.

मतदार यादीतील नाव

महाराष्ट्रातील यादीत नाव असेल आणि आता कायमचा मुक्काम इंदुरात असेल, तर नाव येथे हलवून घ्यावे. २०२२पासून फॉर्म ६ फक्त नव्या मतदारासाठी असून, पत्ता बदलण्यासाठी फॉर्म ८ भरायचा असतो, मग तो बदल दुसऱ्या राज्यातून असला तरीही. येथे फॉर्म ६ भरून गावाकडचे नाव तसेच ठेवण्याचा सल्ला काहीजण देतात. तो मुळीच ऐकू नये, कारण दोन ठिकाणी नाव ठेवणे कायद्याला मान्य नाही आणि त्यासाठी खोटे प्रतिज्ञापन दिल्यास एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. घरातील मुलगा किंवा मुलगी अठरा वर्षांची होत असेल, तर १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या चार तारखांपैकी जी पुढे येईल ती धरून अर्ज करता येतो. अडचण आल्यास १९५० या क्रमांकावर विचारावे, परंतु आपल्या मतदान केंद्राच्या बीएलओची म्हणजे बूथ पातळीवरील अधिकाऱ्याची प्रत्यक्ष ओळख करून घेणे त्याहून उपयोगाचे ठरते. हे बहुधा जवळच्या शाळेतील शिक्षक किंवा अंगणवाडी कार्यकर्त्या असतात. मध्य प्रदेशात ४ नोव्हेंबर २०२५पासून याद्यांचे विशेष सखोल पुनरीक्षण सुरू झाले, त्यामुळे जुन्या ओळखपत्रावर विसंबून न राहता नाव पुन्हा तपासून घेणे आवश्यक आहे.

येथे एक बाब स्वतंत्रपणे सांगायला हवी. लोकसभा आणि विधानसभेची यादी भारत निवडणूक आयोगाची असते, तर पार्षद आणि महापौर यांच्या निवडणुकीसाठी राज्य निर्वाचन आयोग वॉर्डनिहाय वेगळी यादी तयार करतो. पहिल्या यादीत नाव आहे म्हणून दुसऱ्या यादीत ते योग्य वॉर्डात असेलच, असे धरून चालू नये. इंदूरचा मतदार आपले मत काय म्हणून वापरायचे याचा किती विचार करतो, हे २०२४च्या लोकसभा निवडणुकीत देशाने पाहिले. एका प्रमुख पक्षाच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतल्यानंतर येथे ‘नोटा’ला २,१८,६७४ मते पडली. त्यामागील राजकारणाबद्दल प्रत्येकाचे मत वेगळे असू शकते, पण ही मते देणाऱ्यांची नावे यादीत होती म्हणूनच ती मोजली गेली.

तक्रार कशी करावी आणि कशी टिकवावी

कचरा, तुंबलेली ड्रेनेज, नर्मदेच्या पाण्याची फुटलेली लाइन, बंद दिवा अशा कामांसाठी पहिला मार्ग ‘इंदौर ३११’ हे ॲप आहे. छायाचित्र काढून स्थान नोंदवले की तक्रारीचा क्रमांक मिळतो. विजेची तक्रार निगमाकडे नेऊ नये, त्यासाठी वीज कंपनीचा १९१२ हा क्रमांक आहे.

ॲपवरून काम झाले नाही, तर १८१ म्हणजे सीएम हेल्पलाइन. ही व्यवस्था समजून घेण्यासारखी आहे, कारण तिचे बळ तक्रारदाराच्या चिकाटीवर अवलंबून असते. तक्रार प्रथम एल-१ म्हणजे सर्वांत खालच्या स्तरावरील अधिकाऱ्याकडे जाते. ठरलेल्या मुदतीत निराकरण झाले नाही, तर ती आपोआप एल-२, एल-३ आणि एल-४ अशी वर चढत जाते. अधिकाऱ्यांच्या कामगिरीचा आढावा या प्रलंबित तक्रारींवरून घेतला जात असल्यामुळे तक्रार बंद व्हावी अशी सर्वांनाच घाई असते. साहजिकच काम होण्याआधीच फोन येतो, ‘सर, आपका काम हो जाएगा, शिकायत बंद करवा दीजिए’. अशा वेळी रागावू नये, वाद घालू नये. काम पाहिल्यानंतर समाधान नोंदवू, एवढेच नम्रपणे सांगावे आणि त्यावर ठाम राहावे. एकदा आपण समाधान नोंदवले की ती तक्रार संपते आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावे लागते. सौजन्य म्हणून ‘हो’ म्हणणारी माझ्या परिचयातील किती तरी भली माणसे येथे फसली आहेत.

तिसरा मार्ग म्हणजे जनसुनवाई. दर मंगळवारी सकाळी ११ ते दुपारी १ या वेळेत मोती तबेल्यातील कलेक्टर कार्यालयात आणि इतर प्रमुख कार्यालयांतही अधिकारी नागरिकांचे अर्ज समक्ष घेतात. निवडणुकीची आचारसंहिता लागू असताना ती बंद असते. येथे जाताना अर्ज हिंदीत आणि एका पानात असावा. वर ‘विषय’ स्पष्ट लिहावा, पहिल्या परिच्छेदात अडचण, दुसऱ्यात आतापर्यंतच्या तक्रारींचे क्रमांक व तारखा आणि शेवटी नेमके काय हवे ते लिहावे. मराठी लेखनाची सवय असलेल्यांकडून अर्जात पार्श्वभूमी फार येते. दोन मिनिटांत वाचून शेरा मारणाऱ्या अधिकाऱ्याला ती वाचायला वेळ नसतो, म्हणून ती गाळावी. अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नये. वसाहतीचा प्रश्न असेल तर तीन-चार जणांनी मिळून जावे, त्यांत एखादी ज्येष्ठ महिला असावी. मोठा जमाव नेला तर बोलणे एकाचेही नीट ऐकले जात नाही.

दाखले, नकला, प्रमाणपत्रे यांसाठी अशी धावपळ करण्याचे कारण नाही. त्यासाठी लोकसेवा गारंटी कायदा आहे. मध्य प्रदेशाने हा कायदा २०१०मध्ये देशात सर्वप्रथम केला. लोकसेवा केंद्रात अर्ज दिला की पावतीवर मुदतीची तारीख येते आणि विनाकारण उशीर झाल्यास संबंधित अधिकाऱ्याला दररोज २५० रुपये, कमाल ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. बऱ्याच कामांसाठी ‘समग्र आयडी’ मागितला जातो. कुटुंबाचा आठ अंकी आणि प्रत्येक सदस्याचा नऊ अंकी असा हा क्रमांक महाराष्ट्रातून आलेल्यांना अगदी नवा असतो, तो आल्याआल्या काढून ठेवावा.

माहितीचा अधिकार केव्हा वापरावा

रस्ता खोदून ठेवला आहे आणि ठेकेदार कोण ते कोणी सांगत नाही, अशा वेळी माहिती अधिकाराचा अर्ज सर्वांत कामाचा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘काम का झाले नाही’ असा प्रश्न विचारू नये, कारण कायदा कारणे देत नाही, कागद देतो. कार्यादेशाची प्रत, मोजमाप पुस्तिकेची प्रत, कामाची अंतिम तारीख आणि दोषदायित्वाचा (काम बिघडल्यास ठेकेदाराने ते दुरुस्त करून देण्याचा) कालावधी एवढे मागावे. उत्तर न आल्यास ३० दिवसांत पहिले अपील आणि त्यानंतर ९० दिवसांत भोपाळच्या राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. अर्ज करण्यापूर्वी झोन कार्यालयात एकदा तोंडी विचारून पाहावे, असे माझे मत आहे. अनेकदा अभियंता फाईल तेथेच दाखवतो आणि पुढे वर्षभर त्याच्याशीच आपले काम पडणार असते.

पार्षदाला कसे भेटावे

प्रत्येक पार्षद आपल्या घरी किंवा कार्यालयात ठरावीक वेळी लोकांना भेटतो, बहुधा सकाळी. पहिली भेट तक्रार घेऊन करू नये. रहवासी संघाच्या दोघा-तिघांनी जाऊन ओळख द्यावी, वसाहतीत घरे किती, वृद्ध किती, शाळकरी मुले किती हे सांगावे. मध्य प्रदेशात स्थानिक संस्थांतील निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, त्यामुळे आपला पार्षद महिला असण्याची शक्यता बरीच असते. काही ठिकाणी अशा वेळी पतीच सर्व कारभार पाहताना दिसतात आणि लोकही सोयीचे म्हणून त्यांनाच निवेदन देतात. हे मला मनापासून चुकीचे वाटते. निवेदनावर निवडून आलेल्या बाईंचेच नाव असावे, ते त्यांच्याच हातात द्यावे आणि उत्तरही त्यांच्याकडूनच मागावे. आपल्या महिला मंडळांनी हे काम घेतले तर ते अधिक चांगले होते.

परिषदेच्या संमेलनात प्रश्नकाल असतो. वसाहतीचा एखादा मुद्दा लेखी प्रश्न म्हणून मांडावा, अशी विनंती पार्षदाला आधीच करता येते, मग तो पार्षद कोणत्याही पक्षाचा असो. अंदाजपत्रक साधारण मार्च-एप्रिलमध्ये मांडले जाते, म्हणून वॉर्डातील उद्यान, नाला किंवा रस्ता त्यात यावा असे वाटत असेल, तर निवेदन दिवाळीनंतर लगेच द्यावे. मार्चमध्ये जाणाऱ्याला ‘आता पुढच्या वर्षी’ असे उत्तर मिळते आणि ते रास्तच असते.

आपत्ती (हरकत) नोंदवणे

इंदूरचा सध्याचा बृहत् आराखडा १ जानेवारी २००८पासून लागू झाला आणि तो २०२१पर्यंतच्या गरजा डोळ्यांपुढे ठेवून बनवलेला होता. नव्या आराखड्याचा मसुदा जेव्हा प्रसिद्ध होतो, तेव्हा १९७३च्या नगर व ग्रामनिवेश कायद्यानुसार नागरिकांना आपत्ती आणि सूचना नोंदवण्यासाठी किमान ३० दिवस मिळतात. इंदूर विकास प्राधिकरणाच्या योजनांसाठीही अशाच सूचना निघतात. सूचना वर्तमानपत्रात लहान अक्षरांत येते, म्हणून रहवासी संघातील एका निवृत्त सदस्यावर रोज जाहीर सूचना वाचण्याचे काम सोपवावे. आपल्याकडे हे आवडीने करणारी माणसे भरपूर आहेत. आपत्ती लिहिताना भावना बाजूला ठेवून खसरा क्रमांक, रस्त्याची रुंदी, बाधित घरांची संख्या आणि शक्य असल्यास पर्यायी आखणीचा साधा नकाशा जोडावा. सुनावणीला बोलावणे आले की जावेच. लेखी आपत्ती देऊन सुनावणीला गैरहजर राहिल्यास मुद्दा कमजोर होतो.

बांधकामाविषयीच्या आपत्तीचा पाठपुरावा किती गंभीर बाब आहे, हे या शहराने अतिशय दुःखद रीतीने पाहिले आहे. ३० मार्च २०२३ रोजी, रामनवमीच्या दिवशी, बेलेश्वर महादेव मंदिरातील विहिरीवरचे छत कोसळून ३६ जणांचा मृत्यू झाला. तेथील बांधकामाबद्दल रहिवाशांनी आधी तक्रार केली होती आणि निगमाची नोटीसही निघाली होती. म्हणून धोकादायक बांधकामाची तक्रार नोंदवून थांबू नये. नोटिशीची प्रत मागावी, तिची मुदत संपली की दुसऱ्या दिवशी स्मरणपत्र द्यावे आणि तेच पत्र कलेक्टर कार्यालयातही द्यावे.

सभा, व्याख्याने आणि मोर्चे

शहर समजून घेण्यासाठी ‘अभ्यास मंडळ’ या येथील संस्थेची ग्रीष्मकालीन व्याख्यानमाला अवश्य ऐकावी. देशभरातील वक्ते तेथे येतात आणि श्रोत्यांमध्ये शहरातील नागरी चळवळीत आयुष्य घालवलेली माणसे भेटतात. चळवळीची येथे खरी परंपरा आहे. १९७०मध्ये नर्मदेचे पाणी इंदुरात आणावे म्हणून विद्यार्थी, कामगार, व्यापारी आणि निरनिराळ्या पक्षांचे कार्यकर्ते एकत्र आले, सरकारला योजना मान्य करावी लागली आणि १९७८मध्ये सुमारे ७० किलोमीटरवरील जलूदहून उचललेले पाणी शहरात पोहोचले. आज घरातील नळाला येणाऱ्या पाण्याला आपण सहज ‘नर्मदा’ म्हणतो, त्यामागे ते आंदोलन आहे.

त्याहून जुनी गोष्ट गेडिस यांची. प्लेगने त्रस्त झालेल्या इंदूरसाठी होळकर दरबाराने नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांना बोलावले, त्यांचा अहवाल १९१८चा. त्यांनी दिवाळीला भव्य मिरवणूक काढली आणि रहिवासी जे रस्ते सर्वांत स्वच्छ करतील त्यांवरूनच ती जाईल, असे जाहीर केले. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची मोठी प्रतिमा होती. २०१७पासून स्वच्छतेत सतत अग्रक्रम मिळवणाऱ्या या शहरात शंभर वर्षांपूर्वी उत्सव आणि नागरी काम असे एकत्र बांधले गेले होते, हे आपल्या गणेश मंडळांनी मुद्दाम आठवावे. पोलीस ठाण्याच्या पातळीवर उत्सवापूर्वी होणाऱ्या शांतता समितीच्या बैठकांना मंडळाचा प्रतिनिधी पाठवावा. मार्ग, वेळ आणि रात्री १० नंतर ध्वनिवर्धक बंद ठेवण्याचा नियम यांवर तेथेच बोलणे होते.

रीगल चौकात महात्मा गांधींच्या पुतळ्यापाशी अनेक पक्ष आणि संघटना धरणे देतात. प्रथमच जाणाऱ्याने आयोजकांकडे परवानगी आहे का, हे आधी विचारावे. डिसेंबर २०२१पासून शहरात पोलीस आयुक्त प्रणाली आहे आणि परवानगी त्यांच्याकडून मिळते. जमावबंदीचा आदेश पूर्वी कलम १४४खाली निघत असे, १ जुलै २०२४पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३खाली निघतो. असा आदेश लागू असताना नुसते बघायला म्हणूनही तेथे थांबू नये.

रहवासी संघ आणि पुढची निवडणूक

वसाहतीत संघ नसेल तर स्थापन करावा. सोसायटी नोंदणीच्या १९७३च्या राज्य कायद्याखाली किमान सात सदस्य लागतात. संघाची एक नोंदवही ठेवण्याचे काम पहिल्या दिवसापासून सुरू करावे: तारीख, विषय, तक्रार क्रमांक, कोणाला भेटलो, काय उत्तर मिळाले. पदाधिकारी बदलतात, पार्षद बदलतात, अधिकारी तर फारच लवकर बदलतात, वही मात्र राहते. संघात मराठी, सिंधी, माळवी, बुंदेली सर्व घरे असावीत आणि सभेची भाषा सर्वांना कळणारी हिंदी असावी. फक्त मराठी घरांचा संघ केला, तर तो उत्सवापुरताच उरतो.

पक्षात काम करायचे असेल तर वॉर्ड आणि बूथ पातळीवरील कार्यकर्त्यांशी बोलावे, सर्वच पक्षांना यादीवर बसून काम करणारी माणसे हवी असतात. सरकारी किंवा निमसरकारी नोकरीत असणाऱ्यांनी त्याआधी आपले सेवानियम वाचावेत. स्वतः उभे राहायचे असेल, तर पार्षदपदासाठी वय २१ पूर्ण असावे लागते. गेली निवडणूक जुलै २०२२मध्ये झाली आणि मुदत पाच वर्षांची असते. निवडणुकीपूर्वी वॉर्डांचे आरक्षण जाहीर होते आणि नंतर वॉर्डनिहाय मतदार यादीचा मसुदा दावे-आपत्तीसाठी खुला होतो. त्या दिवसांत संघातील चौघांनी यादी घेऊन दारोदार फिरावे, शेजारच्या वॉर्डात गेलेली नावे शोधावीत आणि मुदतीत अर्ज भरून घ्यावेत.